एकसष्ट किलो कमी

पूल परवाना नाकारतो तो भार जास्त झाला म्हणून. परवाना अधिकारी नीलांबरी खडके यांच्या अकरा वर्षांच्या नोकरीत याच्या उलट कधी घडलं नव्हतं. आज बोरवंडीच्या पुलाने मात्र पडद्यावर उत्तर दिलं होतं : "परवाना नाही. ६१ किलो भार कमी आहे."

समोर चालकाशिवाय चालणाऱ्या नव्या ट्रेलरवर दोनशे बारा टनांचा ट्रान्सफॉर्मर होता. नदीपलीकडची चाळीस गावं चार दिवस अंधारात होती आणि दवाखान्यातल्या लशी बर्फावर ठेवल्या होत्या.

"एवढ्या वजनात एकसष्ट किलोचं काय घेऊन बसलात?" ट्रेलर कंपनीचा अभियंता दोशी वैतागला. "तुमच्या अधिकारात मंजुरी द्या ना, मॅडम."

ती देता आली असती. पण या पुलाच्या काँक्रीटमध्ये जाणतंतू ओतले होते, काचेचे बारीक धागे. प्रत्येक भाराने ते ताणले जात, आणि पूल तो ताण लक्षात ठेवून पुढच्या वाहनाचा निर्णय स्वतः घेई. सहा वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. नीलांबरीला आता राहवेना. तिने जुन्या नोंदी उघडल्या. प्रत्येक अवजड ट्रेलरच्या वीस पावलं पुढे एक छोटा भार सरकत होता. एकसष्ट किलो, कधी साठ.

"अहो, हे तर हुसेनभाई!" ती दोशीला म्हणाली.

हुसेन मुलाणी ट्रेलरपुढे अनवाणी चालत. त्यांनी हात दाखवल्याशिवाय चालक पुढे सरकत नसत. परवान्याच्या अर्जात त्यांच्यासाठी रकानाच नव्हता, म्हणून नवा ट्रेलर येताच कंपनीने त्यांना घरी बसवलं होतं.

दोशीने शक्कल लढवली. एका यंत्रगाडीवर वाळू भरून सगळं मिळून नेमकं एकसष्ट किलो केलं आणि ती पुलावर सोडली. पडद्यावर उमटलं : "हा तो भार नाही. हा थांबत नाही."

शेवटी गावातून हुसेनभाईंना जीपने आणलं.

"थांबतो की मी, दर खांबावर," ते चपला काढत म्हणाले. "पुलाची थरथर तळव्यातनं जाईस्तवर गाडीला हात दावत न्हाई."

त्यांनी पुलावर पाऊल ठेवलं आणि परवाना आला. सात खांब, सात थांबे; त्यांनी हात दाखवला की दोशी चालकाविना ट्रेलर पुढे सोडी. ट्रान्सफॉर्मर पलीकडे पोचला तेव्हा नीलांबरीला हायसं वाटलं, आणि लाजही वाटली. सहा वर्षं ती जे पुलाची हुशारी म्हणून मिरवत होती, त्यात अर्धा वाटा या माणसाचा होता.

पडद्यावर नवी ओळ आली : "पुढचा ट्रेलर मंगळवारी. ६१ किलोचा भार अजून किती वर्षं मिळेल?"

हुसेनभाई कठड्याला टेकून गुडघा चोळत होते.

"हे दुसऱ्या कुणाला शिकवता येईल तुम्हाला?" तिने विचारलं.

"मला तरी कुणी शिकवलं, म्याडम? पुलानंच शिकवलं. त्यालाच इचारा की."

नीलांबरीने परवान्याच्या रिकाम्या जागेत पुलालाच प्रश्न लिहिला : "आणखी कुणी अनवाणी आलं, तर शिकवशील?"