पेपर होईपर्यंत

स्मशानातून परतून भाईदास आबा ओट्यावर टेकतात न टेकतात, तोच फोन वाजला. धुळ्याच्या वसतिगृहातून नात बोलत होती, नूतन... आबांनी हात वर केला आणि घरात रडणाऱ्या साऱ्या बायकांनी पदराचे बोळे तोंडात कोंबले.

"जेवनी का बेटा?"

"जेवले. आबा, आजीला द्या ना फोन."

"ती जामनेरले गई, बहीणकडे. तठे रेंज नही."

"माझी नीटची परीक्षा तोंडावर आणि ही फिरायला निघाली? सांगा तिला, डॉक्टर झाले की पहिलं इंजेक्शन तिलाच."

आबा हसले. शिरपूरजवळच्या त्या गावात भिकुबाईची चिता अजून विझली नव्हती, आणि तिचा जन्माचा जोडीदार फोनवर मोठ्यानं हसत होता...

नूतनची ही दुसरी खेप. गेल्या वर्षी थोडक्या मार्कांनी सरकारी कॉलेज हुकलं, तेव्हापासून घरात देवाच्या आधी मार्कांचं नाव निघे. दवाखान्यात शेवटच्या घटकेला भिकुबाईनं आबांचा हात धरून एवढंच मागितलं होतं, "पोरले काही सांगू नका. तिना पेपर हुई जाऊ द्या." ते ऐकायला आबा होते आणि सून ज्योती.

पेपर होईपर्यंत घर खोटं बोलत राहिलं. मुलानं, ज्ञानेश्वरनं, आईसाठी केस काढले होते, म्हणून व्हिडिओ कॉल कोणी उचलत नसे.

परीक्षा देऊन नूतन हसत घरी आली आणि उंबऱ्यातच थांबली. बापाचं बोडकं डोकं, भिंतीवर आजीचा हार घातलेला फोटो...

"हे कोणी ठरवलं?" तिनं विचारलं.

ज्योतीनं तोंड उघडलं, पण आबा आधी बोलले, "मी."

"तुम्ही माझी आजी चोरलीत, आबा."

त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलली नाही. चहाचा कप समोर ठेवून पाठ फिरवायची. ज्योतीला ते बघवेना. "आबा, मी सांगू का तिला खरं?"

"नको. रुसनं शे तर जित्या मानूसवर रुसू दे, ज्योती. गयेल मानूसनी समजूत कोन काढी?"

नातीसमोर रडावं, तर ती म्हणेल, म्हातारा दया मागतोय. म्हणून ते कोरडेच राहिले. दाराशी बसणाऱ्या बाया कुजबुजत, बायको गेली, पण याच्या डोळ्यात टिपूस नाही... आबा ऐकत आणि खाली मान घालून केळीच्या बागेकडे चालू लागत.

निकाल लागला. मार्क वाढले होते, पण सरकारी कॉलेज मिळण्याइतके नव्हतेच. ज्ञानेश्वरनं फोन पालथा ठेवला. नूतन कोरड्या आवाजात म्हणाली, "यासाठी आजीचं तोंडही बघू दिलं नाही मला. विचारा आबांना, मिळाले का मार्क?"

ज्योतीचा बांध फुटला. "आबांचं नाव घेऊ नको! तुझ्या आजीनं मागितलं होतं ते, मरताना, माझ्यासमोर. तुझा राग तिच्यावर जाऊ नये, म्हणून या माणसानं तो अंगावर घेतला... आणि तू त्यांना साधं पाणी विचारलं नाहीस."

नूतन अनवाणीच बागेकडे धावली.

आबा केळीची वाळलेली पानं कापत होते. "निकाल..."

"नाही लागला नंबर."

"जाऊ दे बेटा. तुना काय दोष."

"आबा, आईनं सांगितलं मला."

तिनं त्यांच्या हातातला विळा काढून बांधावर ठेवला. केवढे वाळले होते ते! इतके दिवस तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं...

"सगळे रडले, आबा. मीसुद्धा उशीत तोंड खुपसून रडले. तुम्ही कधी रडलात?"

आबांनी पुन्हा हसायचा प्रयत्न केला. ओठ नुसते थरथरले.

"पेपर झालाय, आबा," ती त्यांचा हात धरून हळूच म्हणाली. "आता रडा."

मग केळीखालच्या ओल्या मातीत बसून तो म्हातारा बायकोला हाका मारत रडू लागला... नूतन त्यांना बिलगून बसली. तिनं त्यांना गप्प केलं नाही.