झाकणावरचे डोळे

इथं आखातात, रुसैलच्या आमच्या कारखान्यात पाण्याच्या टाक्या आणि होड्या होतात. फायबरचा धंदा, त्यात गूढ असं काही नाही. मार्चमध्ये बौशरच्या एका मॉलमधल्या प्रदर्शनासाठी इजिप्तच्या राजाच्या थडग्याची प्रतिकृती करायचं काम आलं. रंगवलेल्या भिंती, मडकी, आणि मधोमध शवपेटी. तिच्या झाकणावर राजाचा चेहरा.

चेहरा आमच्या जैनुद्दीनचाचांनी केला. चाचा श्रीवर्धनचे, साठीला आलेले, हाताला जबरदस्त सफाई. डोळ्यांपाशी मात्र ते थांबले.

"तोंड केलं. डोळे तू काढ, सलीलभाय. जान टाकनं आपलं काम नाय."

मला हसू आलं. मी पेणचा, गणपतीच्या डोळ्यांची आखणी बघत वाढलो. वडिलांचा एकच नियम होता: डोळे मनानं काढायचे, समोर माणूस बसवून नाही. पण त्या शुक्रवारी माझी आठ वर्षांची मुलगी ऋचा बरोबर आली होती, स्टुलावर बसून चिप्स खात होती. मूळ झाकणाच्या फोटोतला डोळा काही केल्या जमेना. तिच्याकडे बघत बघत मी तासाभरात दोन्ही डोळे उरकले. झकास झाले. मी खूश होतो, हे कबूल करतो.

प्रदर्शन सुरू झालं त्या संध्याकाळी, वादी कबीरच्या घरी जेवताना ऋचाचा हात ताट सोडून टेबलावर चाचपडत होता.

"बाबा, लोक खूप क्लोज येतात. फोन घेऊन वाकतात."

डोळ्यांच्या डॉक्टरांना काही दोष सापडला नाही. मॉलचे दिवे बंद व्हायच्या वेळेला ती म्हणायची, "आता डार्क."

मी इंजिनिअर आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या झाकणासमोर उभा राहिलो, बायकोला फोन लावला आणि तीन बोटं वर केली.

"ती म्हणते तीन," उत्तरा म्हणाली. मग म्हणाली, "सलील, ती म्हणते बाबा रडतोय."

आठवड्याभरात प्रदर्शन संपणार होतं. मग झाकण खोक्यात ठोकून बोटीनं पुढच्या देशात. मी थिनरची बाटली काढली. चाचांनी ती हातातून घेतली.

"पुसू नको. पुसल्यावर काय जाईल, तुला म्हाईत हाय?"

मला माहीत नव्हतं. नशिबानं साचा शिल्लक होता. त्यातून आम्ही दोघांनी दुसरं झाकण काढलं. या वेळी मी दार लावून घेतलं आणि एकट्यानं, मनानं डोळे काढले. डावा काढताना मनात ऋचाच येत होती. ते झाकण खोक्यात गेलं. पहिलं माझ्या हॉलमध्ये आलं, ऋचाच्या टेबलासमोर.

त्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं वरणभात खाल्ला. झाकणाकडे तोंड करून, स्वतःलाच समोरून बघत. उत्तरा स्वयंपाकघरात जाऊन रडली. मीही.

सोमवारी खोकं सोहारच्या बंदरातून निघाल्याचा निरोप आला.

मंगळवारी ऋचा वही झाकणाकडे उघडी धरून वाचत होती. डाव्या डोळ्यावर तळहात दाबलेला.

"काय झालं गं?"

"ह्या साइडला काही दिसत नाही, बाबा. नुसता डार्क."

तिनं पान उलटलं.

"आणि हलतंय."