वाकडा पाना

मार्चमध्ये, वितळत्या बर्फाच्या चिखलात, लाइफ मास्तरची गाडी धापा टाकत बंद पडली ती नेमकी आर्डिथच्या मामाच्या गॅरेजसमोर. निव्वळ योगायोग. गाडी आजोबांच्या वेळची. आर्डिथने इंजिनात ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून ठिणगीची वेळ जुळवली, त्याला जागी धरणारा खालचा बोल्ट आवळला, आणि शाळेत ट्रम्पेट शिकवणाऱ्या त्या उंच मास्तरचं हसू विसरायचं ठरवलं.

पुढच्याच आठवड्यात गाडी परत. बोल्ट ढिला, वेळ चुकलेली. आणि आज तिसऱ्यांदा तेच.

"पोरी," मेट्रोमामा कॉफी पीत बसलेल्या गिऱ्हाइकांसमोरच म्हणाला, "एक बोल्ट आवळता येत नसेल तर उद्यापासून काउंटरवर बस. इंजिनं मी बघतो."

अख्ख्या सस्कॅचवान प्रांतात आर्डिथला मनापासून आवडणारी एकच गोष्ट होती, आणि ती हातची चालली होती.

तिने इंजिन चालू करून, प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणारा टायमिंग लाइट रोखला. त्या उजेडात फिरत्या पुलीवरची पांढरी खूण थिजल्यासारखी दिसली... हवी तिथून बरीच पुढे.

"रागावलात?" लाइफने विचारलं.

"गाडीवर."

"मग माझ्याकडे बघत का नाही?"

"इकडेतिकडे बघितलं तर पंखा बोटं नेतो." तिने इंजिन बंद केलं. "हात पुसायला चिंधी आहे का? आमच्या सगळ्या तेलकट आहेत."

"डिकीत— नको, थांबा, मीच आणतो..."

पण ती पोचली होती. चिंधीखाली एक कोरा, वाकडा पाना होता. त्या अडचणीतल्या बोल्टपर्यंत सरळ पाना जात नाही, म्हणून हा बनवतात. याला जगात दुसरं काम नाही.

"मास्तर, ट्रम्पेट यानेच उघडता वाटतं?"

लाइफचे कान लालबुंद झाले. "पहिल्यांदा खरंच बिघडली होती. नंतर... तुम्ही पुन्हा भेटाव्यात म्हणून—"

"माझं काम जात होतं!" तिला भयंकर राग आला होता, आणि त्या रागाच्या तळाशी भलताच आनंद झाला होता, त्याचा तर आणखी राग आला.

लाइफचं हसू मावळलं. तो सरळ मामासमोर जाऊन उभा राहिला.

"मेट्रो, बोल्ट मीच ढिला करत होतो. हिचं काम चोख आहे. मला ही आवडते, एवढंच."

कॉफीचे कप जागच्या जागी थांबले.

"अरे, मग जेवायला बोलवायचं!" मामा ओरडला. "इंजिनाच्या जिवावर कशाला उठतोस?" मग जरा हळू, "पोरी... चुकलो मी."

आर्डिथने वेळ जुळवली, बोल्ट आवळला, पुन्हा कुणी हलवला तर कळावं म्हणून त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. वाकडा पाना स्वतःच्या खिशात टाकला.

"आता कुठल्या निमित्ताने येऊ?" लाइफने विचारलं.

पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"सहाला गॅरेज बंद होतं," ती म्हणाली. "चालत ये."