चाळीस झाडांचं चवपत्रक

रोपवाटिकेत सकाळचं काम सुरू होतं. वांग्याच्या रोपांना जेमतेम दोन पानं फुटली होती आणि त्यांच्यावरून ‘पानवाच्या’ या पानं वाचणाऱ्या यंत्राचा निळसर उजेड सरकत होता. प्रत्येक रोपापाशी क्षणभर थांबून यंत्र आकडा सांगत होतं. आठ. आठ. साडेसात. हे रोप मोठं झाल्यावर त्याच्या वांग्याचं भरीत नवापैकी किती गुणांचं होईल, ते यंत्राला पानावरूनच कळायचं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, इथे वांग्याचेही दिसत होते. पूर्वी एक वाण तयार करायला दहा-बारा वर्षं जायची, आता दोन हंगामांत काम उरकत होतं.

दाराशी खुर्ची टाकून कोकिळाबाई बोंडे चवपत्रकांवर सह्या करत होत्या. तापीकाठच्या या भाजीपाला संशोधन केंद्रात त्या चव-परीक्षक होत्या, पण फक्त कागदोपत्री. पानवाच्या आल्यापासून केंद्रात कुणी वांगं चाखलंच नव्हतं. नियम मात्र कुणी बदलला नाही, कारण नियम बदलायलाही कुणाची तरी सही लागते. माणसाने सही केल्याशिवाय कुठलंही वाण पास होत नव्हतं आणि बादही होत नव्हतं. महिनाअखेरीला बाई निवृत्त होणार होत्या. त्याचं त्यांना सुख नव्हतं आणि दुःखही नव्हतं.

पुढचं पत्रक सातव्या वाफ्याचं होतं. जुनं गावठी भरताचं वांगं, चव दोन. खाली शेरा होता, ‘झाडं उपटून जागा मोकळी करावी.’ शीतकोठीतलं त्याचं जुनं बी यंदा रुजलंच नव्हतं. वाफ्यातली चाळीस झाडं गेली की ते वाण संपणार होतं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात शेनफडू ताटली घेऊन आला. तीस वर्षं तो रोजंदारीवर इथल्या मातीत राबत होता. वाफा मोडण्याआधी त्यातल्या वांग्याचं एकदा भरीत करायचं, ही त्याची जुनी रीत होती. यंत्र आल्यापासून ती मोडली होती, आज त्याने ती पुन्हा काढली होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून त्याने ती बडगीत, म्हणजे लाकडी कुंड्यात, हिरव्या मिरचीसोबत ठेचली होती.

“घ्या ताई. उद्या उपटाचीच आहेत.”

बाईंनी घास घेतला. ऊन, मऊ, ओलसर, बाकी काही नाही. मिरची तेवढी झोंबली.

अकरा वर्षांपूर्वीच्या तापाच्या साथीत त्यांचे यजमान गेले. तोच ताप त्यांनाही आला होता. चौदाव्या दिवशी त्या कामावर रुजू झाल्या, तेव्हा तोंडात भिजल्या कापसासारखं लागत होतं. दुःखात तोंडाला चव नसतेच, सगळ्या बायका म्हणाल्या. येईल हळूहळू. ती आली नाही. कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. नेमक्या त्याच हंगामात सात परीक्षकांनी वांगी चाखली आणि त्यांच्या गुणांवरून पानवाच्याला चव शिकवली गेली. बाईंनी बोटांना लागेल तसे गुण दिले होते. मऊ आहे का, बी कमी आहे का, जिभेला टोचत तर नाही ना.

शेनफडूने स्वतः घास घेतला आणि तो चावायचाच थांबला. त्याचे डोळे भरून आले होते.

“काय झालं, भाऊ?”

“अकरा वर्षांनी वांगं खाल्लं, ताई. बाजारातलं नवं वांगं दिसाले चांगलं आहे, पन तोंडात काईच येत नाई. मले वाटे, माहीच जीभ म्हातारी झाली.”

बाईंना लाज वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी वाटलं होतं, आणि ती नेमकी लाज निघाली. सही न करता त्या पत्रक आणि ताटली घेऊन उठल्या.

पानवाच्याचं काम बघणारी केंद्रातली शास्त्रज्ञ डॉ. मृणाल भंगाळे तिशीच्या आतली होती. बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने यंत्राची जुनी नोंद उघडली.

“सातजणांचे गुण एकमेकांशी जुळत नव्हते,” ती वाचत म्हणाली. “एकाच वांग्याला सकाळी सात, दुपारी पाच. फक्त तुमचे दर वेळी सारखे. म्हणून यंत्राने तुमच्यावरच विश्वास ठेवला. शंभरात एकाहत्तर भाग तुमची जीभ आहे.”

“चव लागत असती तर माझेही बदलले असते, मॅडम.”

“आणि आता पाच जिल्ह्यांत तेच वांगं आहे.”

मृणालने ताटलीतलं भरीत जिभेवर ठेवलं आणि तिचं तोंड वाकडं झालं. “कडसर आहे. उग्र. खरं सांगू? मला नाही आवडलं. मी कॉलेजात असल्यापासून नवंच खाते. बाजारात विचारलंत तर दहातले नऊ जण हेच म्हणतील.”

बाईंनी पत्रक पुढे ठेवलं. सहीच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, ‘परीक्षकाला चव लागत नाही.’

“यावर झाडं उपटता येणार नाहीत,” मृणाल म्हणाली. “पण दुसरा परीक्षक मिळेपर्यंतच. आणि ही चव ओळखणारा आणायचा कुठून? मला आवडलं नाही. शेनफडूभाऊ चौसष्ट वर्षांचे झाले.”

खिडकीतून सातवा वाफा दिसत होता. शेनफडू एका जाड वांग्याच्या देठाला लाल चिंधी बांधत होता, म्हणजे ते बियाण्यासाठी झाडावरच पिकू द्यायचं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मृणालने पत्रक बाजूला सारलं. थोड्या वेळाने तिचा हात पुन्हा ताटलीकडे गेला. तिने दुसरा घास घेतला, पुन्हा कपाळाला आठ्या पडल्या, पण या वेळी तिने तो सावकाश चावला.

“कोकिळाताई,” तिने विचारलं, “हे आवडायला किती दिवस लागतात?”