जिवाचा दोरा

सांगलीजवळ कुपवाडला मोटर वाइंडिंगचा छोटा कारखाना चालवणारी क्रांती रहिमतपूरला गेली ती एका मोटरीपायीच. आकाराम नावाच्या निवृत्त हवालदारानं तिच्याकडून इतकी संथ फिरणारी मोटर करून घेतली होती की तिला राहवेना. "कशाला लागते हो काका?" तिनं फोनवर विचारलं होतं. "या की बघाय," एवढंच उत्तर आलं.

आकारामकाकांनी फौजेत बिनतारी यंत्रं सांभाळण्यात उमर घालवली होती. त्यांच्या घरात खिडकीखालच्या दगडी ओट्यावर तीन रेकॉर्ड प्लेअर मांडलेले होते, तिन्ही त्यांनी हातानं बनवलेले. पहिल्यात मोटरीवरचं रबरी चाक तबकडी ठेवायच्या थाळीच्या कडेला टेकून तिला फिरवायचं. दुसऱ्यात क्रांतीची मोटर सरळ थाळीच्या पोटात बसवली होती. तिसऱ्याची मोटर थाळीपासून हातभर अंतरावर, फरशीच्या वेगळ्या तुकड्यावर होती, आणि तिथून थाळीपर्यंत पट्ट्याऐवजी नुसता एक दोरा गेला होता.

क्रांतीनं थाळीच्या कडेवरून बोट फिरवलं. तिच्या कारखान्यातल्या लेथवर अशी कड एकदाही निघाली नव्हती.

"दोरा कसला हा?"

"मिरजंच्या तंबोरंवाल्याकडनं आणलाय. तारंखाली घालत्यात न्हवं, आवाज खुलाय? त्यो जिवाचा दोरा," काका म्हणाले. "तीन केल्यात, पर ठेवायचा एकच. तुमी मापून सांगा कंचा."

मग त्यांनी पेटीतून मलमलीत गुंडाळलेली एक तबकडी काढली. त्यांची बायको विजयमाला मिरजेला गाणं शिकायची. काका लेहला असताना तिनं मिरजेतल्याच एका ध्वनिमुद्रकाकडून स्वतः रचलेल्या गाण्याची ही एकच प्रत कापून घेतली, नवऱ्याला सुट्टीत ऐकवायला. सुट्टी मिळून काका आले तेव्हा तिचा दहावा झाला होता. काविळीनं गेली. त्याला आता चाळीस वर्षं उलटली होती.

"दर बारीला सुई थोडी झिजवती तिला," काका म्हणाले. "आता कितीदा ऐकाय मिळंल, देव जाणं. म्हणून चांगल्यातलं चांगलं पायजे."

क्रांतीनं आधी नुसत्या थाळ्या तपासल्या. रबरी चाकाच्या यंत्रात ताकद होती; बटण दाबताच थाळी बैलासारखी उठायची, पण खोलवर एक घरघर राहायची. तिच्या मोटरीचं यंत्र वेगाला पक्कं, केसभर हलत नव्हतं. तरी थाळीला कान लावला की मोटरीचा बारीक धक्का जाणवायचा, आणि तो आपलाच दोष हे तिला कळत होतं. दोऱ्याच्या यंत्रावर मात्र तिच्या कंप मोजायच्या उपकरणाचा काटा हललाच नाही. तिनं तारा काढून पुन्हा लावल्या. काटा जागीच. तिनं काकांकडे पाहिलं आणि उगाच हात जोडले.

"अहो, हे आमच्या इंजिनिअरांना जमत नाही."

"लय येळ व्हता मला," काका म्हणाले.

मग तबकडी. तिनं मधल्या कागदावर शाईचा ठिपका दिला आणि फेरे मोजले. रबरी चाकावर एकशे तेवीस फेरे, तीन मिनिटं एकेचाळीस सेकंद. तिच्या मोटरीवर तेवढेच फेरे, तेवढाच वेळ. आवाज किंचित जाडसर आणि फार धीट होता, दोन कडव्यांचं गाणं होतं.

दोऱ्यावर फेरे एकशे तेवीसच भरले. वेग जराही ढळला नव्हता. घड्याळ मात्र चार मिनिटं सहा सेकंद दाखवत होतं.

क्रांतीनं मोबाइल पाहिला, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. सगळ्यांचं एकमत होतं.

"पुन्हा लावू का? एकदाच."

काकांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते.

या खेपेला ती सावध बसली. दुसरं कडवं संपलं, तंबोरा एकटा वाजत राहिला. बाईनं श्वास घेतला आणि तिसरं कडवं सुरू केलं. ठिपका त्याच चालीनं फिरत होता. क्रांतीच्या दंडावर काटा आला, पण हात सुईकडे गेला नाही. इतकं सुंदर गाणं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

फेरे एकशे तेवीस. वेळ साडेचार मिनिटं.

"ह्ये कडवं तबकडीत मावलंच न्हवतं," काका हळूच म्हणाले. "तिनं पत्रात लिवलं व्हतं, ऱ्हायलं म्हणून. आलासा की तोंडानं म्हणून दावीन."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आता सांगा," काका म्हणाले. "मापात कंचं सरस?"

क्रांतीला खोटं बोलता आलं असतं. त्या दोऱ्याच्या धास्तीनं, माझी मोटर ठेवा, असं तिच्या ओठांवर आलंही होतं. पण समोर जे होतं ते एका माणसाच्या हातून होईल तेवढं निर्दोष काम होतं, आणि त्याला कमी म्हणणं तिला जमेना.

"मापात हेच," ती म्हणाली. "दोऱ्याचंच."

आठवड्यानं, सोमवारी, साडेअकराच्या सुमाराला ती कारखान्यात असताना काकांचा फोन आला. मागे गाणं चालू होतं.

"सकाळी सातला सुई ठिवली, ताई," काका म्हणाले. आवाज खुशीत होता. "अजून चाललंय."

क्रांती खुर्चीत बसली. "काका, सुई उचला."

"थांबा, थांबा. दम घेतीया ती."

गाणं थांबलं. तंबोरा वाजत राहिला.

"कोण हाय वो?" बाईनं विचारलं.

"सांगलीकडची पोर हाय, मशीनवाली," काका म्हणाले. "लय गुणाची."

"काका, ऐका माझं. सुई उचला."

काकांनी ऐकलं नसावं. बाई हसली आणि पुढचं कडवं धरलं. तिचा आवाज खिडकीशी बसून गावं तसा जवळचा, स्वच्छ येत होता. काका तिच्या मागोमाग गुणगुणू लागले.

क्रांतीनं फोन कानाशी घट्ट धरला. सुईची बारीक खरखर ऐकू येत होती. ती बाईच्या आवाजामागून नव्हती. काकांचाच आवाज तबकडीतून यावा तशी ती त्यांच्या आवाजामागून येत होती.