सहा नंबरच्या खोलीतला ठिपका

"मी पंप चोरला नाही," सिग्ने म्हणाली आणि रडायलाच लागली.

मदतनीस पेडरने कॉफी पुढे सरकवली. कुणी रडलं की त्याला दुसरं काही सुचत नसे. गुरो स्कार मात्र ढिम्म. गुप्तहेर म्हणून तिचं नाव होतं, मऊ बोलण्याबद्दल नव्हतं.

"पहिल्यापासून सांगा."

सिग्ने फ्योर्डच्या खाडीकाठच्या इस्पितळात नर्स होती. वेदनाशामक औषध सोडणारा एक छोटा पंप तिथून नाहीसा झाला होता. तिथल्या प्रत्येक यंत्राला वायरलेस टॅग असतो. यंत्र जिथे असेल तिथे पडद्यावरच्या नकाशात ठिपका दिसतो. या पंपाचा शेवटचा ठिपका दिसला बारा दिवसांपूर्वी, सहा नंबरच्या खोलीत, सिग्ने तिथे एकटी असताना. आता तिची नोकरी जाणार होती.

"तिथे काय करत होतात?"

"त्या खोलीतले पेशंट, हाल्वोर्ड आजोबा, नुकतेच गेले होते. मी त्यांचे डोळे मिटले, खिडकी उघडली. आत्म्याला वाट द्यायची असते ना. दहाएक मिनिटांनी मीच गारठले, तेव्हा लावली."

वॉर्डबॉय ट्रॉल्सने शपथेवर सांगितलं, "मृतदेह आम्ही दोघांनीच नेला. पलंग मी आवरला. तिच्या हातात काही नव्हतं."

नकाशा सांभाळणारा तंत्रज्ञ आयविंद सुजलेले डोळे घेऊन बसला होता. कर्करोगाने खंगलेले त्याचे वडील आठवड्यापूर्वी घरीच वारले होते.

"ठिपका एकदम उगवला, दहा मिनिटं राहिला, गेला," तो म्हणाला. "नकाशा खोटं बोलत नाही."

"पंप बाहेर असेल तर?"

"छे. ऊब टिकावी म्हणून काचांवर धातूचा थर आहे. लहरी आरपार जात नाहीत."

"आणि आतल्या आत लपवायचा तर?"

"चांदीच्या कागदात गुंडाळला की टॅग मुका."

गुरोने सहा नंबरची खिडकी सताड उघडली. खाली एकाच गाडीची जागा होती, तंत्रज्ञाची.

"लाव ना बये, मरणाची थंडी आहे," पेडर कुरकुरला.

"सिग्नेला आणि आयविंदला बोलावून आण."

दोघं आल्यावर ती म्हणाली, "जितका वेळ खिडकी उघडी, तितकाच वेळ ठिपका. पंप या खोलीत नव्हताच. तो खाली गाडीत होता; उघड्या खिडकीतून त्याच्या लहरी आत आल्या, म्हणून ठिपका इथे दिसला. गुंडाळून बाहेर नेला आणि गाडीत बसून कागद सोडला. काच आहे म्हणून चोर निर्धास्त होता. माणूस गेल्यावर नर्स खिडकी उघडते, हे वॉर्डात राबणाऱ्याला ठाऊक असतं. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाही. हो ना, आयविंद?"

आयविंद सांगू लागला.

"औषध घरी आलं होतं. पंपासाठी दोन आठवडे थांबा, इस्पितळवाले म्हणाले. बाबा रात्रंदिवस विव्हळत होते. म्हटलं, चार दिवस वापरून परत ठेवू."

"मग?"

"चालूच झाला नाही. नर्सचा कोड मागत होता. मी गाडीत बसून खटपट केली, घरी केली. बाबा तसेच तळमळत गेले."

पेडरला त्याच्याकडे बघवेना. सिग्ने पुढे झाली. आता ही थोबाडीत देणार, असंच पेडरला वाटलं.

"मला विचारायचंस ना रे," ती म्हणाली. "मी आले असते."