ठसका कुणाला लागला

भाईंदर पश्चिमेला अमोलचे फिजिक्सचे क्लास होते. मुलांना तो दगड म्हणायचा आणि पालकांना दगडांचे मालक. असा हा विद्वान एका सकाळी स्वतःच्याच क्लासच्या अर्धवट उघडलेल्या शटरवर कपाळ आपटून खाली बसला.

रक्त नाही, टाका नाही, नुसतं टेंगूळ. स्कॅनही साफ.

"मार सौम्य आहे," डॉक्टर म्हणाले. "पण डोकेदुखी, उजेडाचा त्रास, वास न येणं, शब्द न आठवणं, हे काही आठवडे रेंगाळू शकतं. झोप घ्या, मोबाईल कमी करा, काम हळूहळू सुरू करा. उलट्या झाल्या किंवा दुखणं वाढलं, तर मात्र तडक या."

सगळंच रेंगाळलं. ट्यूबलाइट डोळ्यांत टोचायची, फोडणीचा वास यायचा नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे त्याला अपमान सुचेनात. मनात तुच्छता जशीच्या तशी शाबूत होती, तोंडातून मात्र "बरं, ठीक आहे" एवढंच बाहेर पडायचं.

त्याची बायको निशिगंधा हादरली. "आई, हा माझा नवरा वाटतच नाही गं," तिने फोनवर सांगितलं. "काल मला थँक्यू म्हणाला."

आशाबाई चिपळूणहून लाल मिरच्यांचं पुडकं घेऊनच आल्या. "दृष्ट लागलीय अमोलरावांना. ती काढल्याशिवाय क्लासला सोडू नकोस."

"नाहीच सोडणार. आधी पहिल्यासारखा होऊ दे."

अडाणीपणाला काही मर्यादा? या दोघींना दहावीला कुणी पास केलं?

"बरं," अमोल म्हणाला.

तिन्हीसांजेला तो किचनमध्ये पाटावर बसला. आशाबाईंनी मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घेऊन त्याच्यावरून ओवाळल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या. मिरच्या तडतडून काळ्या पडल्या. धूर दाटला. कुणालाही ठसका लागला नाही.

"बघ! केवढी लागली होती!" आशाबाईंचा चेहरा उजळला.

"मिरच्या जुन्या असतील," अमोल म्हणाला. त्याने त्याच पुडक्यातल्या मूठभर मिरच्या, कुणावरूनही न ओवाळता, तव्यावर फेकल्या. याला म्हणतात प्रयोग.

मायलेकी खोकून खोकून वाकल्या. खालच्या मजल्यावरून ममताबेन ओरडल्या, "अरे भाभी, मारना है क्या सबको?"

अमोल तव्यावर वाकून उभा होता. वास गेला तरी मिरचीचं झोंबणं कळतं, ते वेगळ्या नसेतून जातं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने खोल श्वास घेतला.

काहीच नाही. डोळ्यांत पाणीसुद्धा नाही.

"तुला काही होत नाहीये?" निशिगंधाने विचारलं.

"नाही."

तेवढ्यात बेडरूममधून ठसका ऐकू आला.

घरात चौथं कुणी नव्हतं.

पुन्हा आला. कोरडा, पुरुषी. मग कुणीतरी घसा खाकरला.

"अकलेचं दिवाळं निघालंय का दोघींच्या? हे घर आहे की मिरचीची गिरण?"

आवाज अमोलचा होता. एकही शब्द अडखळला नव्हता.

आशाबाईंनी हात जोडले.

निशिगंधाने तव्यापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं.

"बरं," तो म्हणाला.

तिने पेलाभर पाणी घेतलं, आईला पुढे घातलं.

"आले रे, अमोल," तिने बेडरूमच्या दिशेने हाक दिली आणि जाता जाता किचनला बाहेरून कडी घातली.